म्हाताऱ्यांच्या तिकिटाने रेल्वे बुडत नाही

रेल्वेच्या तोट्याचा विषय निघाला की आमच्या जबलपुरात प्रत्येकाला अर्थशास्त्र येतं. शहर तसं रेल्वेचंच. पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय इथे इंदिरा मार्केटसमोर. जबलपूर, भोपाळ आणि कोटा या तिन्ही विभागांचा कारभार तिथून हलतो आणि गल्लीगल्लीत कोणीतरी रेल्वेतलं सापडतंच. त्यामुळे भंवरताल बागेतल्या सकाळच्या फेऱ्या असोत की लग्नाची पंगत, ज्येष्ठ नागरिकांच्या बंद झालेल्या सवलतीवर निकाल ऐकायला मिळतो. निकाल ठरलेला असतो: बंद झाली ते बरंच झालं.

या निकालामागची कैफियत अशी असते. रेल्वे म्हणजे धर्मशाळा नाही. खात्याचा रोजचा खर्च भागता भागत नाही, शंभर रुपये मिळवायला अठ्ठ्याण्णव खर्ची पडतात. शंभर रुपयांच्या प्रवासाचे सरकार मुळात चोपन्नच रुपये घेतं. त्यावर म्हाताऱ्यांना आणखी चाळीस-पन्नास टक्के सूट कशासाठी? शिवाय आजचे म्हातारे गरीब कुठे राहिलेत? गन कॅरेज फॅक्टरीचं पेन्शन येतं, मुलगा पुण्यात, लेक बंगळुरात. सर्वोच्च न्यायालयानेही याचिका फेटाळली. रेल्वे धंद्यासारखी चालवा, फुकटेगिरीवर देश चालत नाही. कैफियत संपते आणि बोलणारा पुढच्या फेरीला लागतो.

यातला एकेक मुद्दा उचलून पाहू. उचलल्यावर तो हातात राहतो का, तेही पाहू.

पहिली गोष्ट, ही सवलत तोट्यामुळे बंद झालेलीच नाही. ती २० मार्च २०२० ला बंद झाली आणि कारण होतं कोरोना. वयस्कर लोकांना साथीचा धोका जास्त, त्यांनी गरज नसताना प्रवास करू नये म्हणून तिकीट महाग केलं. त्या महिन्यात हे कारण पटण्यासारखं होतं. पण २०२१ च्या अखेरीस गाड्या नेहमीच्या क्रमांकांनी धावू लागल्या, स्पेशलचं बिरूद गेलं, पुढे मुखपट्ट्याही गेल्या, सवलत मात्र परत आली नाही. विचारणा झाल्यावर उत्तरात साथीचं नाव नव्हतं, खर्चाचं होतं. म्हाताऱ्यांच्या जिवाच्या काळजीपोटी काढून घेतलेली गोष्ट त्यांच्या खिशाची काळजी न करता ठेवून घेतली. आरोग्याच्या नावाने घेतलेला निर्णय पैशाच्या नावाने कायम करायचा असेल, तर तो नव्याने मांडावा लागतो, त्यावर चर्चा व्हावी लागते. इथे कारण बदललं आणि निर्णय तोच राहिला. या चलाखीला आपण आर्थिक शिस्त म्हणतो आहोत.

दुसरी गोष्ट, आकड्यांची. सवलत अशी होती: साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांपुढच्या स्त्रियांना ५० टक्के. २०१९-२० या शेवटच्या वर्षात तिच्यापायी रेल्वेने १,६६७ कोटी रुपयांचं उत्पन्न सोडलं. हा सरकारनेच संसदेत दिलेला आकडा. बागेतल्या बाकावर तो मोठा वाटतो. त्याच वर्षी रेल्वेचं वाहतुकीचं एकूण उत्पन्न सुमारे १ लाख ७४ हजार कोटी होतं. म्हणजे सवलतीचा भार शंभर रुपयांत एक रुपयासुद्धा नव्हता.

बरं, ही बचत झाल्यावर खात्याची प्रकृती किती सुधारली? २०१९-२० मध्ये, सवलत चालू असताना, शंभर रुपये मिळवायला रेल्वे ९८.३६ रुपये खर्च करत होती. सवलत गेल्यावर २०२१-२२ मध्ये हा खर्च १०७.३९ झाला. ते वर्ष साथीच्या सावटाखालचं म्हणून सोडून देऊ. २०२२-२३ मध्ये गाड्या भरून धावत होत्या, मालवाहतूक जोरात होती आणि म्हातारे पुरं तिकीट मोजत होते, तरी आकडा ९८.१०. पुढच्या वर्षी ९८.४३, म्हणजे सवलतीच्या काळापेक्षा किंचित वाईटच. माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरांप्रमाणे मार्च २०२० ते फेब्रुवारी २०२५ या पाच वर्षांत ज्येष्ठांकडून ८,९१३ कोटी रुपये जादा वसूल झाले. ते आले, खर्चात विरले आणि गुणोत्तर जागचं हललं नाही. मग रेल्वे बुडवत होतं तरी कोण?

ज्यांना खरंच शोध घ्यायचा आहे, त्यांनी कॅगचे, म्हणजे महालेखापरीक्षकांचे, अहवाल उघडावेत. २०१९-२० च्या ९८.३६ या आकड्यालाही कॅगने हरकत घेतली होती. निवृत्तिवेतनाचा प्रत्यक्ष खर्च धरला, तर तो ११४.३५ होतो, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. पगार आणि निवृत्तिवेतन हा या खात्याच्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग आहे. मी कर्मचाऱ्यांवर बोट दाखवत नाही. रात्री-अपरात्री रूळ तपासणाऱ्या माणसाचं पेन्शन त्याच्या घामाचं आहे. पण एवढ्या मोठ्या खर्चाची सोय कशी लावायची, जमाखर्चात तो कुठे दाखवायचा, ही खात्याची आणि सरकारची जबाबदारी. ती निस्तरता येत नाही म्हणून कटनीहून जबलपूरला डोळे तपासायला येणाऱ्या आजीकडून जास्तीचे पैसे घ्यायचे, हा कुठला उपाय?

तिसरा मुद्दा सवलतीच्या विरोधकांचा लाडका: सगळ्यांनाच ४६ टक्के सूट आहे. रेल्वेमंत्र्यांनी संसदेत तो पुन्हा पुन्हा मांडला. २०२२-२३ मध्ये प्रवासी तिकिटांवर ५६,९९३ कोटींचं अनुदान दिलं, प्रत्येक प्रवाशाला सरासरी ४६ टक्के सवलत मिळते, मग ज्येष्ठांना वेगळी हवी कशाला? २०१६ पासून तर तिकिटावरच छापून येऊ लागलं की प्रवासखर्चाचे सरासरी ५७ टक्केच रेल्वे वसूल करते. पाहुण्याला जेवायला बसवून ताटाखाली किराणा बिल सरकवणाऱ्या यजमानाची ही तऱ्हा. पण शिष्टाचार सोडून देऊ आणि युक्तिवाद पाहू.

प्रत्येकाला सारखीच मिळते ती गोष्ट कल्याणाची योजना नसते, तो दर असतो. तिशीतला सॉफ्टवेअर इंजिनियर आणि पंचाहत्तरीची विधवा या दोघांनाही सरासरी ४६ टक्के सूट असेल, तर वयासाठी, आजारपणासाठी, आटलेल्या कमाईसाठी सरकारने काय केलं? काहीच नाही. ज्येष्ठांची सवलत हेच सांगत होती की या दोघांत फरक आहे. सगळ्यांना दिलेल्या गोष्टीचा दाखला देऊन ज्याला खास गरज आहे त्याच्या हातचं काढून घेणं, हा तर्क पचवायला फार मोठं पद लागतं. आणि सरासरीचा आधार घ्यायचाच, तर तोही पाहा. २०१९-२० मध्ये प्रवासी तिकिटांवरचं एकूण अनुदान सरकारने ५९,८३७ कोटी सांगितलं. ज्येष्ठांचे १,६६७ कोटी त्याच्या शेजारी ठेवा, तीन टक्केही भरत नाहीत. सत्त्याण्णव टक्क्यांना हात लावायची हिंमत नाही, कारण तिथे कोट्यवधी मतदार रोज लोकलला लटकतात. तीन टक्के लगेच सापडले, कारण म्हातारे रेल रोको करत नाहीत.

या अनुदानाचा हिशेबही काही वेदवाक्य नव्हे. ज्या रुळांवरून कोळशाच्या वाघिणी जातात त्यांवरूनच प्रवासी गाडी जाते. सिग्नल तोच, स्टेशन मास्तर तोच. त्यांचा खर्च कोणाच्या नावावर किती टाकायचा, हे सूत्राने ठरतं. बिबेक देबरॉय आणि किशोर देसाई यांनी नीती आयोगासाठी २०१६ मध्ये लिहिलेल्या टिपणात नेमकं हेच विचारलं होतं: प्रवासी वाहतुकीच्या तोट्यात सामाजिक जबाबदारीचा भाग किती आणि खात्याच्या ढिसाळपणाचा किती? दोन्ही एकाच पोत्यात भरून त्यावर ‘जनतेवरचा उपकार’ अशी चिठ्ठी लावणं सोपं. पोतं सोडून वेगळं करून दाखवा, मग बोलू.

राहिला प्रश्न ही उणीव भरून कोण काढतं याचा. मालवाहतूक काढते, आणि मालवाहतुकीत सर्वांत मोठा वाटा कोळशाचा. कटनीच्या यार्डात जाऊन उभं राहा, कोळशाच्या गाड्या मोजता मोजता दुपार होईल. त्या कोळशाचं भाडं विजेच्या दरात येतं आणि विजेचं बिल घमापूरच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या आजोबांनाही येतं. तेव्हा हे अनुदान रेल्वे स्वतःच्या खिशातून देते, हा गैरसमज काढून टाका. आजोबा त्याचे पैसे दर महिन्याला भरतातच.

आता ‘रेल्वे धंद्यासारखी चालवा’. हे वाक्य जबलपुरात उच्चारताना तरी जीभ अडखळायला हवी. ७ मार्च १८७० ला मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे या दोघींची गाठ याच गावात पडली आणि मुंबई-कलकत्ता मार्ग जोडला गेला. दोन्ही खासगी कंपन्या, लंडनचे भागधारक. पण त्यांच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी कोणी दिली होती? सरकारने. उणं पडलं तर भरपाई कशातून? हिंदुस्थानच्या महसुलातून. या देशातली रेल्वे जन्मापासून सरकारी पैशाच्या आधाराने उभी आहे. तेव्हा तो आधार विलायतेतल्या भागधारकाला होता आणि त्याला कोणी फुकट्या म्हटलं नाही. तोच आधार कटंगीच्या शेतकऱ्याच्या आईला मिळाला की मात्र देश बुडतो.

धंद्याचं कौतुक करणाऱ्यांनी विलायतेचंच आणखी एक उदाहरण घ्यावं. ब्रिटनने १९९३ च्या कायद्याने रेल्वे खासगी कंपन्यांच्या हाती दिली. पण त्याच कायद्यात वृद्ध, तरुण आणि अपंग प्रवाशांच्या सवलतींचं कलमही घातलं. साठीपुढच्या माणसाला रेलकार्डावर तिकिटात एक तृतीयांश सूट राहिली. ज्यांनी रेल्वे विकली त्यांनाही म्हाताऱ्यांची सवलत विकावीशी वाटली नाही. आपण रेल्वे सरकारी ठेवून धंद्याचा फक्त तोरा आणला.

आणि खातं तोट्यात म्हणून मोडीत काढलं की काय होतं, हे शिकायला मध्य प्रदेशच्या माणसाला परदेशी जायची गरज नाही. २००५ मध्ये इथल्या सरकारने राज्य परिवहन महामंडळ बंद करायचं ठरवलं. कारण तेच: तोटा, पगार, पेन्शन. टप्प्याटप्प्याने सरकारी बस रस्त्यावरून नाहीशी झाली. आज मंडला, सिवनी, दमोहकडे जायला खासगी बसशिवाय गत्यंतर नाही. वेळ मालकाची, थांबा मालकाचा. तिथे सत्तरीच्या माणसाने अर्धं तिकीट मागून पाहावं, कंडक्टर काय उत्तर देतो ते ऐकण्यासारखं असतं. महामंडळ गेल्यावर ज्येष्ठांना परवडणारं सार्वजनिक वाहन एकच उरलं, ते म्हणजे रेल्वे. तिथलाही दरवाजा अर्धा लोटून घेतला. आता त्यांनी जायचं कशाने?

‘आजचे म्हातारे गरीब कुठे आहेत?’ हा सवाल विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा स्वतःचे सासरे असतात. ऑर्डनन्स फॅक्टरीतून, हायकोर्टातून, बँकेतून निवृत्त झालेले. अशी माणसं जबलपुरात खूप, मान्य. पण खासगी कारखान्यात आयुष्य काढलेल्यांना कर्मचारी पेन्शन योजनेत मिळणारी किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाला केंद्राचा वाटा महिना २०० रुपये, आणि तो २००७ पासून तसूभर वाढलेला नाही. समजा, मुलाकडे जाण्याचं स्लीपरचं तिकीट पाचशे रुपये आहे. जुन्या सवलतीत नवऱ्याचे तीनशे आणि बायकोचे अडीचशे, म्हणजे जाऊन-येऊन दोघांचे अकराशे झाले असते. आज दोन हजार लागतात. फरक नऊशेचा. हजार रुपये पेन्शनवाल्याचा तो जवळजवळ अख्खा महिना.

आजाऱ्यांना सवलत आहे ना, असं इथे कोणीतरी म्हणतंच. आहे. कर्करोग, हृदयरोग, क्षयरोग, थॅलेसिमिया, सिकलसेल अशा अकरा गटांतल्या रुग्णांना आहे. पण महाकोशलातली माणसं नागपूरला जातात ती गुडघे बदलायला, मोतीबिंदू काढायला, पक्षाघातानंतर पुन्हा दाखवायला. हे आजार यादीत नाहीत. ते म्हातारपणाच्या यादीत होते आणि ती यादीच फाडली. गंमत अशी की तिकीट काढताना वय आजही विचारतात. साठी उलटलेली दिसली की संगणक खालचा बर्थ द्यायला धडपडतो. म्हणजे या देहाला वरच्या बर्थवर चढवत नाही हे खात्याला ठाऊक आहे. त्याच देहाची कमाई थांबलेली असते, हे मात्र त्याला आठवत नाही.

श्रीमंत म्हाताऱ्यांना सवलत नको असेल, तर जरूर नको. एसी फर्स्टमधून जाणाऱ्याला सूट द्या असा माझा हट्ट नाही. सवलत स्वेच्छेने सोडा, ही योजनाही रेल्वेने करून पाहिली आणि तिला फारसा प्रतिसाद मिळाला नाही, हेही खरं. पण त्यावर इलाज होता. संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीने, ज्या समितीचे अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचे राधामोहन सिंह होते, निदान स्लीपर आणि थर्ड एसीसाठी सवलत परत देण्याचा विचार करा, अशी शिफारस केली. वर्ग पाहून सूट द्यायची, दाखले नकोत की चौकशी नको. इतका सोपा तोडगा समोर असताना सरसकट बंदीच का हवी? कॅगने २०१५ ते २०१८ या काळातल्या सवलतींचा हिशेब मांडला तेव्हा सोडलेल्या उत्पन्नात ज्येष्ठांचा वाटा सुमारे ५२ टक्के आणि रेल्वे कर्मचाऱ्यांच्या पास व सवलतीच्या तिकिटांचा (पीटीओ) सुमारे ३७ टक्के निघाला. दुसऱ्याला आपण सेवाशर्त म्हणतो आणि ते योग्यच आहे. मग पहिल्याला भीक का म्हणतो?

न्यायालयाचा दाखलाही अर्धवट वाचून दिला जातो. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली ती सवलत चुकीची आहे म्हणून नव्हे. ज्येष्ठांची गरज आणि तिजोरीवरचा भार पाहून हा निर्णय सरकारने घ्यायचा, न्यायालय तसा आदेश देणार नाही, एवढंच म्हणणं होतं. म्हणजे चेंडू पुन्हा सरकारच्याच अंगणात आला. सरकार म्हणतं रेल्वेला झेपत नाही. पण रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प २०१७ मध्येच संपला, आता रेल्वेचा खिसा आणि केंद्राची तिजोरी वेगळी राहिलेली नाही. २०२५-२६ मध्ये याच तिजोरीतून रेल्वेच्या भांडवली कामांसाठी २ लाख ५२ हजार कोटी रुपये ठेवले. नवे मार्ग हवेत, स्टेशनं हवीत, त्याला विरोध नाही. पण ज्येष्ठांच्या सवलतीचे १,६६७ कोटी म्हणजे या रकमेचा दीडशेवा भाग. तो झेपत नाही असं म्हणू नका. द्यायचा नाही, असं सरळ म्हणा.

आणि म्हाताऱ्यांच्या प्रवासावर खर्च करायला सरकारं तयारच नसतात, असंही नाही. मध्य प्रदेशात २०१२ पासून मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आहे. साठीपुढच्या, आयकर न भरणाऱ्या माणसांना खास गाडीने फुकट यात्रा घडवतात. हार, झेंडी, फोटो, सगळं असतं. चांगलं आहे, गरीब माणसाने रामेश्वर पाहिलंच पाहिजे. पण सरकारने पाठवलं तर तीर्थयात्री आणि स्वतःच्या गरजेने लेकीच्या बाळंतपणाला निघाली तर फुकटी, हा न्याय कुठला? सरळ सवलतीत फोटो काढता येत नाही, एवढाच तिचा दोष.

हे सगळं सचोटीने कसं करता येतं, ते शेजारच्या महाराष्ट्रात पाहा. एसटीत पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत, पासष्ट ते पंचाहत्तर वयाला अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासून स्त्रियांनाही अर्धं. या सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला देतं. ती वेळेवर मिळत नाही ही ओरड आहेच, आणि ती रास्तही आहे. पण तत्त्व स्वच्छ आहे. कल्याणाचा निर्णय सरकारने घेतला, तर पैसेही सरकारने मोजायचे. वाहतूक चालवणाऱ्याच्या वहीत तोटा दाखवायचा नाही आणि प्रवाशाच्या तोंडावर तो फेकायचाही नाही. गोंदियाच्या आजी एसटीत मानाने बसतात. गोंदियाहूनच रेल्वेत बसून नैनपूरमार्गे जबलपूरला येताना मात्र त्या खात्यावरचा बोजा होतात. वय तेच, पाय तेच, देशही तोच.

म्हणून बागेतल्या अर्थशास्त्र्यांना स्पष्टच सांगतो. स्लीपर आणि थर्ड एसीत ज्येष्ठांची सवलत परत आली पाहिजे, जुन्या वयाची आणि जुन्या टक्क्यांची. तिचा पूर्ण खर्च केंद्राच्या अर्थसंकल्पात वेगळ्या ओळीत दाखवला पाहिजे आणि तेवढी रक्कम दरवर्षी रेल्वेच्या खात्यात जमा झाली पाहिजे. मग रेल्वेला रडायला कारण उरणार नाही आणि सरकारला लपायला जागा. खर्च वाढला असेल तर तो खात्याने आवरावा, धोरण सरकारचं असेल तर किंमत सरकारने मोजावी. सत्तरीच्या माणसाने ना खर्च वाढवला ना धोरण ठरवलं. पन्नास वर्षं कर भरला आणि पुरं तिकीट काढलं, एवढंच त्याने केलं. त्याचं अर्धं तिकीट त्याला परत द्या.